वर्गात मागे बसणाऱ्या बाई

मार्च उजाडला की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांत दोन कागद टेबलावर येऊन पडतात. एक इन्कम टॅक्सचा, दुसरा गावच्या स्कूल बोर्डाच्या बजेटचा. पहिला आपण नाइलाजाने भरतो. दुसरा बहुतेकजण वाचत नाहीत, आणि जे वाचतात ते प्रॉपर्टी टॅक्सच्या आकड्यापाशी थांबून कपाळाला हात लावतात. मात्र गेल्या काही वर्षांत आपली मंडळी बोर्डाच्या मीटिंगना जाऊ लागली आहेत, माइकसमोर उभं राहून प्रश्न विचारू लागली आहेत. काही गावांत भारतीय नावं बोर्डावर निवडूनही आली आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. पण अशा मीटिंगमध्ये एक प्रश्न आपल्याच माणसांकडून हमखास येतो, "हे इन्स्ट्रक्शनल कोच म्हणजे कोण हो? यांना स्वतःचा वर्ग नाही, हे प्रिन्सिपल नाहीत, मग पगार कशाचा?"

प्रश्न रास्त आहे. टॅक्स भरणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. मी स्वतः इथल्या एका पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आधी गणिताची शिक्षिका होते आणि आता मॅथ कोच आहे, तेव्हा उत्तर देताना माझा थोडा स्वार्थ आहेच. तो गृहीत धरून पुढचं वाचावं.

'कोच' हा शब्दच आपल्याला फसवतो. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एक तर लातूर नाही तर कोट्याचे कोचिंग क्लास उभे राहतात, किंवा मग शिवाजी पार्कवरचे रमाकांत आचरेकर सर. क्लासशी या कामाचा काडीचाही संबंध नाही. आचरेकर सरांशी मात्र आहे. लहानग्या सचिनला अजितने पहिल्यांदा त्यांच्याकडे नेलं तेव्हा पोरगा सरांसमोर बावरून गेला, धड खेळेचना. मग अजितने सरांना विनंती केली की जरा लांब जाऊन बघा, आणि सर नजरेआड झाल्यावर तो मोकळा खेळला. हा किस्सा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असेल. क्रिकेटचा म्हणून आपण तो कौतुकाने सांगतो. शिक्षकांच्या बाबतीतही नेमकं हेच घडतं, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही.

आठवून बघा, आपल्या लहानपणी वर्गात मागे येऊन बसणारा मोठा माणूस म्हणजे कोण? तपासणीचे साहेब! 'दिपोटी' येणार म्हटलं की भिंतींना चुना लागायचा, फळ्यावर रंगीत खडूने सुविचार उमटायचा, हुशार पोरं पुढच्या बाकांवर आणि उरलेली कोपऱ्यात. गुरुजी त्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून आधी घोकून घेतलेला धडा शिकवायचे. साहेब शेरा लिहून निघून जायचे. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत.

अमेरिकेतही प्रकार फारसा वेगळा नाही, फक्त चुन्याच्या जागी कागद आहेत. न्यू जर्सीत २०१२ साली 'टीच एनजे' नावाचा कायदा झाला. त्याने टेन्युअर, म्हणजे कायमपणा, तीनऐवजी चार वर्षांनी मिळू लागला आणि शिक्षकाच्या मूल्यमापनाला नोकरीशी घट्ट बांधलं गेलं. प्रिन्सिपल किंवा सुपरवायझर वर्षातून ठरावीक वेळा वर्गात येऊन बसतात, लॅपटॉपवर टिपणं घेतात आणि वर्षअखेर चारांपैकी एक शेरा मिळतो: इनइफेक्टिव्ह, पार्शली इफेक्टिव्ह, इफेक्टिव्ह किंवा हायली इफेक्टिव्ह. मूल्यमापन असावं, त्याला माझा विरोध नाही. पण जिच्या नोकरीची दोरी त्या लॅपटॉपला बांधलेली आहे ती शिक्षिका त्या दिवशी नवीन काही करून बघायचं धाडस करील का? ती तिचा सगळ्यात सुरक्षित धडाच दाखवणार.

कोचचं काम सुरू होतं ते इथून. कोचला शेरा द्यायचा अधिकार नसतो. बहुतेक डिस्ट्रिक्टांत कोच हा शिक्षकच असतो, शिक्षकांच्याच पगाराच्या तक्त्यावर, शिक्षकांच्याच युनियनमध्ये. वर्गात जे दिसलं ते तिने प्रिन्सिपलला सांगायचं नसतं. आणि जायचं ते शक्यतो बोलावल्यावर.

प्रत्यक्षात काय होतं, ते एका पाचवीच्या वर्गावरून सांगते. बाई अनुभवी, अकरा वर्षं शिकवणाऱ्या. विषय अपूर्णांकांची बेरीज. १/२ अधिक १/३ विचारलं की अर्ध्याहून जास्त वर्ग २/५ लिहितो. वर वर मिळवायचं, खाली खाली मिळवायचं. बाईंनी तीन वेळा समजावलं, मुलांनी तीन वेळा माना डोलावल्या आणि चाचणीत पुन्हा २/५. त्यांनी मला सांगितलं, "या वर्षीचा वर्गच कच्चा आहे."

मी मागे बसले. वर्गाचा नकाशा काढला, प्रत्येक मुलाच्या जागी एक चौकोन, आणि जो बोलला त्याच्या चौकोनात एक रेघ. दुसऱ्या कागदावर, बाईंनी प्रश्न विचारल्यापासून कुणाचं तरी नाव पुकारेपर्यंत किती वेळ गेला, ते. एवढंच. तास संपल्यावर दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. चोवीस मुलांपैकी पाच मुलांच्या चौकोनांत जवळजवळ सगळ्या रेघा होत्या, आणि प्रश्न व उत्तर यांच्यात सेकंदभरसुद्धा अंतर नव्हतं. मी काहीच बोलले नाही. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी पाचजणांनाच शिकवत होते की."

हा सेकंदाचा मामला नवा नाही. मेरी बड रो नावाच्या विज्ञान-शिक्षणाच्या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात शेकडो वर्गांच्या टेप ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तोच वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, 'मला माहीत नाही' कमी होतं. ही गोष्ट बी.एड. च्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. या बाईंनाही ती माहीत होती. परीक्षेत त्यांनी ती लिहिलीही असेल. पण स्वतःच्या वर्गात उभं असताना एक सेकंद आणि तीन सेकंद यांतला फरक आतून कळत नाही, त्याला बाहेरचं घड्याळ लागतं.

आम्ही मिळून एकच गोष्ट ठरवली. प्रश्न विचारल्यावर हात वर करायला सांगायचं नाही. आधी शेजारच्याशी बोला, मग मी कुणालाही विचारीन. पुढच्या आठवड्यात एक तास मी घेतला आणि बाई मागे बसल्या. कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या मुलांना दिल्या, एक दुमडून अर्धी, दुसरी दुमडून एक-तृतीयांश, आणि दोन्ही एकापुढे एक ठेवायला सांगितल्या. नंतरचा तास आम्ही दोघींनी मिळून घेतला. मग त्यांनी एकट्याने. पहिला आठवडा वर्गात नुसता बाजार भरला होता. शेजाऱ्याशी बोला म्हटल्यावर पोरं व्हिडिओ गेमवर बोलत होती आणि बाई वैतागून हे सोडून द्यायच्या बेताला आल्या होत्या. तेव्हा आम्ही दोघींनी बसून प्रश्नच बदलले, कारण 'उत्तर काय?' हा शेजाऱ्याशी बोलण्यासारखा प्रश्नच नव्हे. 'कुणीतरी २/५ लिहिलंय, ते बरोबर असू शकेल का?' हा होता. तिसऱ्या आठवड्यात, ज्या मुलीच्या चौकोनात मी एकही रेघ मारलेली नव्हती, तिने शेजारणीला सांगितलं की २/५ तर अर्ध्यापेक्षा लहान आहे, अर्ध्यात भर घातल्यावर कमी कसं होईल?

छेद समान करायची रीत बाईंनी त्यानंतर शिकवली. तीच रीत, जी त्यांनी आधी तीन वेळा शिकवली होती.

आता याला म्हणे पैसे कशाला? शिक्षकांना वर्षातून दोन-चार दिवस ट्रेनिंग असतंच की. असतं. मुलांना सुट्टी, शिक्षक सभागृहात, बाहेरून कुणी तज्ज्ञ येतो, स्लाइड दाखवतो, दुपारी पिझ्झा. त्याचा उपयोग किती, हे ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या शाळांत तपासलं. नुसत्या कार्यशाळेनंतर नवं तंत्र वर्गात उतरायचं ते सुमारे दहा टक्के. प्रात्यक्षिक आणि सराव जोडला तरी वीसच्या आतच. पण स्वतःच्या वर्गात सहकारी येऊन बसला, बघितलं, सुचवलं, की नव्वदच्या वर. हे आकडे मला मिळाले ते एका डॉक्टरांच्या लेखात, आणि त्या डॉक्टरांशी आपलं नातं आहे.

अतुल गावंडे. त्यांचे वडील विदर्भातल्या उटी गावचे, शिकून डॉक्टर झाले आणि ओहायोतल्या अथेन्स गावी स्थायिक झाले. अतुल तिथेच वाढले, बॉस्टनला शल्यविशारद झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात त्यांनी लेख लिहिला. आठ वर्षं शस्त्रक्रिया केल्यानंतर त्यांच्या लक्षात आलं की आपलं कौशल्य एका पातळीवर येऊन थांबलं आहे. टेनिसपटूला जन्मभर कोच असतो, गायकाला असतो, मग सर्जनला का नाही? उत्तर शोधत ते रुग्णालयात न जाता व्हर्जिनियातल्या एका मिडल स्कूलमध्ये आठवीच्या गणिताच्या वर्गात जाऊन बसले, कॅन्सस विद्यापीठातले जिम नाइट यांच्याबरोबर. इन्स्ट्रक्शनल कोचिंग हा शब्द इथल्या शाळांत रुजवण्यात नाइट यांचा मोठा वाटा आहे. २००७ चं त्यांचं पुस्तक आमच्या धंद्यात सगळ्यांच्या कपाटात असतं. तो वर्ग बघून आल्यावर गावंड्यांनी आपले जुने गुरू, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन यांना ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन उभं राहायची विनंती केली. ऑस्टीन यांनी वहीत टिपून घेतलं ते असं, की दिवा जखमेवरून बाजूला सरकला होता, कोपर खांद्याच्या उंचीला जात होतं, कापड असं अंथरलं होतं की समोरच्या मदतनिसाला हात हलवायला जागा नव्हती. नावाजलेला सर्जन, आणि त्याला कोपर खाली ठेव म्हणून सांगणारं माणूस इतकी वर्षं मिळालं नव्हतं.

आपल्यातल्या कित्येकांनी गावंड्यांची पुस्तकं मोठ्या अभिमानाने विकत घेतली आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचं नाव निघालं की आपली छाती फुगते. बजेटच्या मीटिंगला जाताना तो लेखही वाचून जावा, एवढंच म्हणते.

पण कोच नेमले की शाळा सुधारते, असं मी म्हणाले तर ते खोटं ठरेल. या देशाने तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून बघितलेला आहे. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याखाली 'रीडिंग फर्स्ट' नावाची योजना आली. किंडरगार्टन ते तिसरीच्या वाचनासाठी वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलर, आणि शाळेशाळेत रीडिंग कोच. सहा वर्षांनी, २००८ मध्ये, सरकारचाच अहवाल आला. मुलं वाचनाच्या तासाला जास्त वेळ बसू लागली होती, पण वाचलेलं समजण्यात म्हणावा तसा फरक पडला नव्हता. पैसा आटला. २०१८ मध्ये मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ६० चांगल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. कोचिंगने शिकवण्यात ठळक सुधारणा होते, मुलांच्या गुणांत त्याहून बरीच लहान, पण नक्की होते, असं दिसलं. त्याच पेपरात एक कडू गोळीही आहे. योजनेत शंभराहून जास्त शिक्षक असले की परिणाम साधारण निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. चार चांगले कोच मिळतात, चाळीस मिळत नाहीत.

याच्या उलट मिसिसिपीकडे बघा. गरीब राज्य, शिक्षणात कायम तळाला. २०१३ साली चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत त्यांची सरासरी २०९ होती, देशाची २२१. त्याच वर्षी त्यांनी कायदा केला. शिक्षकांना वाचन शिकवण्याचं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण दिलं, आणि राज्याने स्वतः निवडलेले लिटरसी कोच सगळ्यात मागे पडलेल्या शाळांत पाठवले. २०१९ मध्ये राज्याची सरासरी २१९ झाली आणि देशाचीही तेवढीच होती. २०२४ मध्ये देश २१४ वर घसरला, मिसिसिपी २१९ वर टिकून राहिलं. यात कोचचा वाटा किती, यावर वाद आहेत. तिसरीला वाचता येत नसेल तर मुलाला पुढे ढकलायचं नाही, हा कडक नियमही त्याच कायद्यात आहे, आणि त्याचं श्रेय वेगळं काढणं सोपं नाही. तरी मला त्यातली एक बाब महत्त्वाची वाटते. तिथले कोच प्रिन्सिपलच्या हाताखालचे नव्हते. त्यामुळे त्यांना कुणी डबा खायच्या सुट्टीत पोरांवर लक्ष ठेवायला उभं करू शकत नव्हतं.

कारण आमच्याकडे तेच होतं! सकाळी शिक्षक आजारी, सब्स्टिट्यूट मिळत नाही, मग कोण मोकळं आहे? कोच. स्टेट टेस्टच्या पेट्या मोजायच्या आहेत, कोच. कॉम्प्युटर वाटायचे, पुस्तकं आली ती उतरवायची, बसच्या रांगेपाशी उभं राहायचं, कोच. माझ्या ओळखीच्या एका लिटरसी कोचने एक महिना डायरी ठेवली. तिचे तीन आठवड्यांहून जास्त दिवस असल्याच कामांत गेले होते. अशा कोचबद्दल बोर्डात कुणी विचारलं की ही करते काय, तर उत्तर अवघडच आहे. महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांचं जे झालं त्याची इथे आठवण होते. १९९० च्या दशकात ही पदं आली ती आसपासच्या शाळांतल्या गुरुजींना शिकवण्यात मार्गदर्शन करायला. नात्यातले, ओळखीतले कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत असतील तर त्यांना विचारा, केंद्रप्रमुखांचा किती वेळ वर्गात जातो आणि किती वेळ वरून मागवलेली माहिती गोळा करून पाठवण्यात.

दुसरा धोका याहून वाईट. काही प्रिन्सिपल कोचला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "तिच्या वर्गात तुम्हाला काय वाटलं?" एकदा उत्तर दिलं की संपलं. स्टाफरूममध्ये बातमी पोचायला एक जेवणाची सुट्टी पुरते. त्यानंतर दारं उघडी राहतात, कोचला आत येऊ देतात, पण दिसतो तो तपासणीच्या दिवसाचा धडा. माझ्या मते कोचची योजना चालली की बुडाली हे या एकाच गोष्टीवरून ओळखावं, आणि ही गोष्ट कुठल्याच बजेटच्या कागदावर छापलेली नसते.

आपल्या घरांशी याचा संबंध येतो तो बहुतेकवेळा हातच्यावरून. दुसरी-तिसरीतलं मूल घरी येतं, बेरीज करायला आडवी रेषा काढून उड्या मारत बसतं, संख्या फोडून लिहितं. बाबांचा संताप होतो. "हातचा घ्यायला शिकवत नाहीत? पाढे नाहीत? कसली शाळा ही!" मग बाबा रात्री हातचा शिकवतात, मूल शाळेत तो वापरतं, बाई विचारतात हे कसं केलंस, मूल म्हणतं बाबांनी सांगितलं. अहो, हातचा येणार आहे. न्यू जर्सीने २०१० साली स्वीकारलेल्या आणि पुढे थोडेफार बदलून नाव बदललेल्या अभ्यासक्रमात बेरीज-वजाबाकीची रूढ रीत चौथीला आहे, गुणाकाराची पाचवीला, भागाकाराची सहावीला. आधीची वर्षं दशक-शतक म्हणजे काय हे कळण्यासाठी ठेवली आहेत. ही पद्धत चांगली शिकवली तर मूल पक्कं होतं. अर्धवट शिकवली तर मात्र बाबांचा संताप खरा ठरतो, कारण मग मुलाला ना उड्या येतात ना हातचा. आणि ती चांगली शिकवायची कशी हे चाळिशीतल्या शिक्षिकेला कुठून यावं? तीही हातचा घेऊनच शिकली. शाळांत 'फॅमिली मॅथ नाइट' असते ती बहुधा आम्ही कोच मंडळीच घेतो. आपले पालक कमी येतात. त्या वेळी त्यांची मुलं गणिताच्याच खाजगी क्लासला गेलेली असतात, त्यांना सोडायला-आणायला.

आता आपल्या बायकांबद्दल. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेल्या, तिकडे एम.एस्सी. किंवा इंजिनिअर झालेल्या, मुलं शाळेत जायला लागल्यावर काहीतरी करावं म्हणून शिक्षणाकडे वळलेल्या मराठी स्त्रिया न्यू जर्सीत पुष्कळ आहेत. न्यू जर्सीने १९८० च्या दशकात 'अल्टरनेट रूट' काढला. विषयाची पदवी असेल तर आधी वर्गात उभं राहा, शिक्षणशास्त्राचे कोर्स बरोबरीने करा. वाट चांगली आहे, पण पहिलं वर्ष फार कठीण जातं. गणित येत असतं, पण तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलांचा वर्ग कसा शांत करायचा ते येत नसतं. मुलं उच्चारांची नक्कल करतात. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वरून हसतात. आपल्याकडे गुरुजींनी डोळे वटारले की भागायचं, इथे डोळे वटारले तर पालकांचा ई-मेल येतो. कायद्याने नव्या शिक्षिकेला पहिल्या वर्षी एक मेंटर मिळते, पण त्या मेंटरला स्वतःचा वर्ग असतो. ती चार वाजता भेटू शकते, सव्वादहाला वर्गात काय चाललंय हे बघू शकत नाही. सव्वादहाला येऊ शकते ती कोच.

अशीच एक मराठी मुलगी, मुलगी कसली, दोन मुलांची आई, सातवीच्या गणिताला रुजू झाली. ऑक्टोबरात ती रोज घरी जाताना गाडीत रडायची, हे तिनेच नंतर सांगितलं. तिच्या वर्गात अडचण उच्चारांची नव्हतीच. तास सुरू झाल्यावर पहिली सहा-सात मिनिटं हजेरी, गृहपाठ आणि वह्या वाटण्यात जात होती, आणि तेवढ्यात वर्ग हातचा निसटत होता. आम्ही ती सात मिनिटं बदलली. दारात उभं राहून प्रत्येकाला नावाने हाक, फळ्यावर आधीच लिहिलेलं एक गणित, हजेरी ते सोडवत असताना. जानेवारीत तिने मला वर्गात बोलावलं ते दुसऱ्याच कारणासाठी, ऋण संख्या कशा शिकवाव्यात यासाठी. तेव्हा मला बरं वाटलं.

करोनानंतर कोचची संख्या बरीच वाढली. २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनमधून शाळांना सुमारे १२२ अब्ज डॉलर मिळाले आणि अनेक डिस्ट्रिक्टांनी त्यातून कोच नेमले. त्या पैशाचा हिशोब लावायची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. शिवाय न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्याने राज्याच्या अनुदानाचं वाटप बदललं आणि कित्येक गावांचा हिस्सा वर्षागणिक कमी होत गेला. गावाला टॅक्स वाढवून भरून काढावं म्हटलं तर २०१० पासून दोन टक्क्यांची मर्यादा. मग कात्री कुठे लावायची? वर्ग बंद केले तर पालक चिडतात. बँड, फुटबॉल, बस, कशालाही हात लावला तर हॉल भरतो. कोच काढले तर हॉलमध्ये कुणी येत नाही. उलट आपलीच माणसं टाळ्या वाजवतात.

मतपेटीतूनही काही सांगता येत नाही. पूर्वी एप्रिलमध्ये गावकरी शाळेच्या बजेटवर मत देत. २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक डिस्ट्रिक्टांनी शाळेची निवडणूक नोव्हेंबरात नेली, आणि वाढ दोन टक्क्यांच्या आत असेल तर बजेटवर मतदानच होत नाही. उरते ती एप्रिल-मेमधली जाहीर सुनावणी. नाव आणि गाव सांगायचं, मिळतील ती दोन-चार मिनिटं बोलायचं. तिथे 'कोच हवेत' किंवा 'कोच नकोत' एवढंच म्हणण्यापेक्षा काही नेमकं विचारता येतं. गेल्या वर्षी कोचचा किती वेळ वर्गांत गेला आणि किती वेळ सब्स्टिट्यूट म्हणून? कोचला प्रिन्सिपलकडे शिक्षकांबद्दल बोलायला मनाई आहे का, आणि ती कुठे लिहिलेली आहे? एका कोचकडे किती शाळा? उत्तरं समाधानकारक नसतील तर पद काढा म्हणून मीही सांगेन.

पण काढताना पुढे काय होतं ते ठाऊक असू द्या. कोच बहुतेक वेळा जुनी, टेन्युअर असलेली शिक्षिका असते. तिचं पद गेलं तरी नोकरी जात नाही. ती वर्गात परत येते, तिच्या मोठ्या पगारासकट. आणि तिला वर्ग द्यायचा म्हणजे कुणाचा तरी काढून घ्यावा लागतो. टेन्युअर नसलेल्यांचा नंबर आधी लागतो. न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे अशा शिक्षकांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही हे १५ मेपर्यंत लेखी कळवावं लागतं. गेल्या वसंतात आमच्या डिस्ट्रिक्टने तीन कोच कमी केले. त्या आठवड्यात ज्यांच्या हातात चिठ्ठ्या पडल्या त्यांत ती सातवीची गणिताची मराठी शिक्षिकाही होती, तिचं तिसरं वर्ष चालू होतं. तिचा वर्ग आता पूर्वी कोच असलेल्या एक बाई घेतात. बाई उत्तम शिकवतात. शेजारच्या वर्गात या सप्टेंबरात नवीन शिक्षिका आली आहे, तिच्या वर्गात मागे बसायला कोणी नाही.